आठाचे सहा

सकाळी जिभेखाली गोळी ठेवली की सात-आठ मिनिटं मी मुका असतो. थुंकी गिळायची नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आई नेमकी तेव्हाच काहीतरी विचारते. मी हुंकार दिला की स्वतःच ओरडते, "बोलू नको मेल्या, गिळशीत!"

गिळली तर फुकट जाते म्हणून हा खटाटोप. गर्द, म्हणजे हेरॉइन, सोडवायला देतात ते हे ब्युप्रेनॉर्फिन. पोटातून गेलं की यकृत त्यातलं बरंचसं रक्तात पोचण्याआधीच संपवून टाकतं. जिभेखालून गेलं तर थेट रक्तात. चव कडू, आणि तीन वर्षांत तिची सवय झालेली नाही.

मी बर्फाच्या कारखान्यातला मेकॅनिक. मालवणात आता, त्याआधी मुंबईत बंदराच्या आसपास नऊ वर्षं. त्या नऊपैकी सहा वर्षं गर्दात गेली. मी पन्नीवर ओढायचो, सुई कधी घेतली नाही, आणि हे मी अजूनही लोकांना अशा थाटात सांगतो जणू पदवीच मिळवलीय. कसं लागलं, कोणी लावलं, हे सांगत बसत नाही. सगळ्यांची गोष्ट एकच असते आणि प्रत्येकाला आपली वेगळी वाटते.

२०२२ च्या जानेवारीत मावशीने मला गोव्यात म्हापशाला आणलं. तिथून जवळच्या एका केंद्रात रोज जायचं, त्यांच्यासमोर औषध घ्यायचं. पहिल्याच दिवशी मी खोटं बोललो. शेवटची पुडी कधी घेतली, असं डॉक्टरांनी विचारलं. "काल रात्री," म्हणालो. प्रत्यक्षात पहाटे पाचला मावशीच्या न्हाणीघरात ओढून आलो होतो. गोळी विरघळली आणि पाऊण तासात अशी टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, लागली की मुंबईतल्या सगळ्या टर्क्या फिक्या. उलट्या, अंगावर काटा, पाय जागेवर राहीनात. डॉक्टर रागावले नाहीत. टॉर्चने माझ्या बाहुल्या बघून म्हणाले, "आता खरी वेळ सांगा." मग समजावलं, की मेंदूत ज्या जागांवर गर्द बसतो त्याच जागा हे औषध घेतं, आणि त्याची पकड गर्दाहून घट्ट असते. बसलेल्याला ते उठवतं. पण स्वतः मात्र अर्ध्याच जोराने काम करतं. पूर्ण जोर एकदम अर्ध्यावर आला की शरीर बोंबलणारच. म्हणून आधी टर्की सुरू व्हायची वाट बघायची आणि मगच पहिली गोळी.

त्यानंतर ४, मग ६, मग ८ मिलिग्रॅम. आठावर मी माणसात आलो. सकाळी उठून दात घासावेसे वाटले, ही माझ्यासाठी मोठी बातमी होती.

त्या केंद्रात गोळ्या मोजून हातावर देत नसत. कुटून पूड करायची, कागदावरून जिभेखाली सोडायची आणि समोर बसवून ठेवायचं. गोळी तोंडात लपवून बाहेर नेऊन विकणारे असतात, त्यावरचा हा उपाय. त्यामुळे आज आपल्याला किती मिळालं हे डोळ्यांना कळत नाही. पूड कितीचीही सारखीच दिसते, चिमूटभर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या महिन्यात मला घाई सुटली. गावी जायचं होतं आणि "सुटलो" असं सांगत जायचं होतं. डॉक्टरांना म्हटलं, कमी करा. ते म्हणाले, घाई नको, हे औषध लवकर सोडणारे बहुतेक परत जातात. मी हट्टच धरला. शेवटी एका सोमवारी ते म्हणाले, "बरं, सहावर आणू." आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

मंगळवारी दुपारपासून मला जांभया. बुधवारी नाक गळायला लागलं, पाठीत कळ, रात्रभर पाय झाडत होतो. गुरुवारी मावशीने केलेलं बांगड्याचं तिखलं समोर होतं आणि मला वासही सोसेना. शुक्रवारी मी तिथल्या नर्सबाईंवर अक्षरशः खेकसलो, की हे असं अर्ध्यावर सोडून माणसाला मारता काय तुम्ही. त्यांनी शांतपणे रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सोमवार ८. मंगळवार ८. बुधवार ८. गुरुवार ८. आणि समोर डॉक्टरांच्या अक्षरात: पुढील सोमवारपासून ६.

चार दिवस मी जुन्याच डोसवर टर्की भोगत होतो.

मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. चोरी पकडली गेल्यावरसुद्धा नाही. डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे मी नाटकी आहे. ते म्हणाले, "नाक गळत होतं ना? ते नाटक कसं करणार?" त्यांचं म्हणणं असं, की टर्कीची धास्ती आणि टर्की या दोघी शरीरात एकाच वाटेने येतात. छाती धडधडते, घाम येतो, झोप उडते. मग त्या सहा वर्षांत जे जे भोगलं ते शरीर आपणहून जुळवून देतं. माझ्यासारखे बरेच असतात. मेथाडोन हे याच कामाचं दुसरं औषध. ते देऊन सांभाळण्याची पद्धत न्यूयॉर्कला डोल आणि निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात सुरू केली. पुढे तिकडे काही ठिकाणी रोग्यांची आधीच संमती घेऊन, तारीख न सांगता डोस बदलून पाहिले. तेव्हा खरा बदल कधी झाला आणि रोग्याला तो कधी जाणवला, याचा मेळ नेहमी बसला नाही.

आता मजा पुढे आहे. ज्या सोमवारी खरंच सहा झाले, त्या दिवशी मी लाजेने इतका गप्प होतो की काही जाणवूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आणि जाणवलंही नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार काही नाही. शनिवारी मावशीकडे पाहुणे होते, मी विसरूनही गेलो. शनिवारी रात्री दोनला जाग आली आणि पोटऱ्यांत ती ओळखीची वळवळ. कमी, पण खरी. धास्तीतली टर्की मोठी होती, धडधडती होती. ही आली ती पायताण हातात घेऊन, आवाज न करता.

तेव्हा मला ब्राइनची टाकी आठवली. बर्फाच्या कारखान्यात लादीचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात, ते पाणी उणे आठ-दहा अंशांवर ठेवतात. कॉम्प्रेसरचा लोड कमी केला की प्रेशर गेज लगेच हलतं, पण टाकीचं तापमान लगेच हलत नाही. एवढं पाणी, त्याला वेळ लागतो. नवीन पोरगा गेज बघून घाबरतो आणि परत लोड वाढवतो, मग टाकी गोठते. जुना मेकॅनिक टाकीत थर्मामीटर सोडून बसतो. हे औषधही तसंच. एक गोळी अंगातून अर्धी उतरायलाच दिवसाच्या वर जातो. आज आठाचे सहा केले तर रक्तातली पातळी नव्या जागी स्थिरावायला आठवडा तरी जातो. पहिल्या दुपारी जे वाटतं ते गेज.

हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "हे मी पुढच्याला सांगीन." सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

सहावर मला झोप लागेना. पंधरा दिवस काढले आणि स्वतःच म्हटलं, परत आठ करा. त्या दिवशी केंद्रातून बाहेर पडून मावशीकडे जाताना बसमध्ये मला इतकं हलकं वाटलं की खिडकीतून येणारा वारासुद्धा गोड लागला. पूड तोंडात जाऊन वीस मिनिटं झाली होती! वाढलेल्या दोन मिलिग्रॅमचा तो परिणाम असणं शक्यच नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ते सुख नाकारलं नाही. फुकटचं होतं.

मे महिन्यात गावी आलो. आता आठवड्याची औषधं घरी न्यायला मिळतात. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीचा नाका ओलांडून तिकडे. येताना खिशात गोळ्यांसोबत डॉक्टरांचा कागद ठेवायचाच, कारण ही गोळी कोणत्याही औषधाच्या दुकानात सहज मिळणारी नाही आणि नाक्यावर पोलिसांना ती काय आहे हे समजावत बसण्यात गंमत नाही. त्या पावसाळ्यात मी एक वही घातली, कारखान्यात शिफ्टची असते तशीच. वेळ, झोप किती, जांभया, नाक, पाय, नाडी. सुरुवातीला नाडी मोजताना एवढी धडधड व्हायची की मोजणीच फुकट. वहीचा पहिला उपयोग जुलैत झाला. तीन दिवस नाक गळतंय, अंग दुखतंय, काटा येतोय. डोस जुनाच. मी घाबरून म्हापशाला जायच्या तयारीत होतो. आईने कपाळाला हात लावला. "पडसा आसा ता. पावसात भिजलंस मां परवा?" कोकणातला जुलै आणि टर्की, लक्षणं सारखीच. फरक एवढाच की पडशात बाहुल्या मोठ्या होत नाहीत. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च धरून बाहुल्या बघायला मी तेव्हा शिकलो. आईला वाटलं मुलगा लग्नाचं मनावर घेतोय.

खरी परीक्षा २०२३ च्या नोव्हेंबरात झाली. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट सुरू झाल्या, निक्षय पोषण या सरकारी योजनेचे तेव्हा महिन्याला पाचशे रुपये खात्यात यायचे. तिथल्या बाईंनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" मी "नाही" म्हटलं. गाव लहान आहे. त्या बाईंची बहीण आमच्या वाडीत दिलीय.

दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला जाग. जांभया. नाक. पोटऱ्या. आठच्या आठ मिलिग्रॅम जिभेखाली, वेळेवर, न बोलता. दुपारपर्यंत बरं, संध्याकाळपासून ओढ. आणि पाच-सहा दिवसांनी मनात ते आलं जे दीड वर्षात आलं नव्हतं, की रत्नागिरीत कोणाला फोन केला तर मिळेल.

म्हापशाला गेलो तर नेहमीचे डॉक्टर रजेवर. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर. त्यांनी फाईल उलटी केली आणि ते २०२२ चं पान निघालंच. डोस बदललेला नसताना रोग्याने तक्रार केली, असं इंग्रजीत लिहिलं होतं. "तुमचं आधीपण असं झालंय ना?" ते म्हणाले. क्षयाचं मी सांगितलं. म्हणाले, आजाराचं टेन्शन असतं, मनावर घेऊ नका, डोस बरोबर आहे. वाईट बोलले नाहीत. पण एकदा चुकीचा निघालेला माणूस पुढे प्रत्येक वेळी चुकीचाच असतो, हे मी त्या खुर्चीत बसून शिकलो. परतीच्या एसटीत मला स्वतःचाच भरवसा वाटेना. असेल बाबा धास्ती. मागच्या वेळीही खरंच वाटलं होतं की.

पण वही सांगत होती वेगळं. मागच्या वेळी त्रास पहिल्याच दुपारी एकदम चढला होता. या वेळी दहा-बारा दिवस घेऊन, एकेक पायरी चढत आला होता. मागे दिवसभर होता, आता गोळीनंतर काही तास थांबायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आणि बाहुल्या मोठ्या. गेज हललं होतं ते तेव्हा. आता टाकी हलली होती.

पुढच्या आठवड्यात नेहमीचे डॉक्टर आले. मी काही बोललो नाही, वही टेबलावर ठेवली. त्यांनी दोन पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "लघवीचा रंग कसा आहे?"

"नारिंगी," म्हटलं. "क्षयाच्या गोळ्यांनी होतं म्हणाले."

त्यांनी कपाळावर हात मारला. नारिंगी रंग रिफाम्पिसिनचा. तेच रिफाम्पिसिन यकृताला जागं करतं, इतकं की ते इतर कितीतरी औषधं भराभर फोडून टाकायला लागतं. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन, दोन्ही त्यात येतात. म्हणजे कागदावर आठ, जिभेखाली आठ, आणि रक्तात संध्याकाळपर्यंत आठाचं काय उरत होतं कोण जाणे. कोणीही डोस कमी केला नव्हता आणि डोस कमी झाला होता.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर हसू आणि रडू एकदम. त्यांनी १० केले, चार दिवसांनी १२, सकाळ-संध्याकाळ वाटून. क्षयाच्या दवाखान्याला एक चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी घालून कागदांत ठेवली, आणि "आधी का नाही सांगितलंत?" एवढंच विचारलं. वाडीत आजवर कोणी काही बोललेलं नाही. बाईंबद्दल मी मनात जे जे धरून बसलो होतो ते सगळं मागे घेतो.

तरुण डॉक्टरांचा मला राग होता. आता तेवढा नाही. मी स्वतःही त्यांचंच म्हणणं मान्य करून घरी आलो होतो.

मे २०२४ मध्ये क्षयाचा कोर्स संपला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, रिफाम्पिसिन थांबलं की दोनेक आठवड्यांत यकृत परत पहिल्या चालीवर येईल आणि हेच बारा तुम्हाला जास्त होतील. मी मान हलवली. ऐकलं किती, तो वेगळा प्रश्न. लघवी साधी झाली त्याचंच एवढं कौतुक होतं. मग एका दुपारी कॉम्प्रेसरच्या शेजारी, त्या कानठळ्या आवाजात, मला डुलकी लागली. शौचाला चार-चार दिवस होईना. संध्याकाळी घरी आलो तर आई दारात उभी. बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"डोळे असे जड कित्याक दिसतत तुझे?" मग हळू आवाजात, "परत चालू केलंस काय रे ता?"

मी नाही म्हटलं. तिने विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. रात्री तिने गोळ्यांची पट्टी काढून मोजली, मला आवाज आला. पट्टी बरोबर होती. तेव्हा कुठे मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. सकाळी फोन केला. १० झाले, मग पंधरवड्याने ८. हे कमी होणं मला हवंहवंसं वाटलं. डोस उतरला आणि मला बरं वाटलं, असं एवढं एकदाच झालंय.

केंद्राच्या रांगेत माझ्यासोबत एक पेडण्याचा पोरगा असायचा. त्याने मनानेच औषध बंद केलं, सहा-सात महिने चांगला राहिला, आणि एका रात्री जुन्या अंदाजाने जुन्याइतकंच घेतलं. शरीराची सवय तोपर्यंत गेलेली असते. मावशीने फोनवर सांगितलं. तेव्हापासून "कधी सुटणार?" असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो.

पण हळूहळू उतरावं असं मलाही वाटतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारखाना अर्धा झोपलेला, झोप बिघडली तरी कोणाचं नुकसान नाही. यंदा डॉक्टर म्हणाले, आता दोनाच्या पायऱ्या नकोत. ०.४ मिलिग्रॅमची बारकी गोळी येते, तिच्या हिशेबाने उतरू. मी त्यांच्यापुढे एक अट ठेवली. तारीख मला सांगायची नाही. गोळ्या आईकडे द्यायच्या, तिने केंद्रातल्यासारखी पूड करून कागदावर द्यायची. दोन आठवड्यांत कोणत्या दिवसापासून कमी करायचं ते तुम्ही आणि ती ठरवा. मला जाणवलं तर वहीत तारीख लिहीन, मग ताडून बघू. डॉक्टरांना कल्पना आवडली. त्रास वाढला तर पूड-बीड सोडून सरळ फोन करायचा, एवढं कबूल करून घेतलं.

आईने खलबत्ता घासून वेगळा ठेवला. पहिले चार दिवस ती पूड जिभेखाली सोडायची आणि लगेच चुलीकडे वळायची. पाचव्या दिवशी वळली नाही. समोर बसून राहिली. रात्री विचारलं, "पाय दुखतत काय?" सहाव्या दिवशी सकाळी चहाच्या आधी, "झोप लागली मां बरी?" दुपारी कारखान्यात फोन, जेवलंस काय, जो ती कधीच करत नाही.

मी वहीत लिहिलं: बदल जाणवला, पाचवा दिवस. आणि कंसात, आईच्या तोंडावरून.